वाक्य घराक हाड

प्रिय काकू,

आज मी भांडुपहून मुलुंडला चालत आले. आग्रा रोडने, एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री, आणि पायात तुला न आवडणारी ती पातळ तळाची चप्पल. घरी येऊन आजीच्या पायांशी बसले आणि आधी खूप रडले, मग खूप हसले. आई कढईतला झारा तसाच हातात घेऊन बाहेर आली. म्हणाली, "काय गं, नोकरी गेली की काय?"

नोकरी गेली नाही. छातीवरचा धोंडा गेला! तो कसा गेला हे तुला सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही, म्हणून लिहायला बसलेय.

तुला जाऊन वर्ष होत आलं. वर्षभर मी एकच प्रश्न मनात घोळवत होते. तू शेवटी जे बोललीस, ते मला खरंच नीट कळलं होतं का? घरात तुझं बोलणं समजणारी मी एकटी. मी सांगितलं, त्यावर विसंबून बाबांनी तुला अग्नी दिला. दिलेला अग्नी परत घेता येत नाही, काकू. माझं चुकलं असतं तर?

नाही चुकलं! आज कळलं. पण थांब, तू माझ्याबद्दल म्हणायचीस ना, की ह्या चेडवाक गोष्ट शेपटीकडून पकडायची खोड आसा. म्हणून डोक्याकडून सांगते.

तुझं खरं नाव गर्ट्रूड. आजीच्या जिभेला ते वळेना, तेव्हा तिने तुझी गिरिजा करून टाकली. काका गिरणीच्या रंगखात्यात होते. लढाई सुरू होण्याआधी मालकांनी त्यांना रंगाचं काम शिकायला जर्मनीला धाडलं, आणि येताना ते तुला घेऊन आले. आजी अजून सांगते, "रंग शिकाक धाडलेलो, तर गोरो रंगच घेवन इलो!" हे सांगताना ती आता हसते. तेव्हा हसली नव्हती म्हणे. तेव्हा तिने दोन दिवस चूल पेटवली नव्हती आणि तिसऱ्या दिवशी तुला तांदूळ निवडायला बसवलं होतं.

काका गेले तेव्हा मी परकरात होते. मला त्यांची खाकरण्याची लकब तेवढी आठवते. पण त्यानंतर जो तो घरी येऊन काय विचारायचा, ते मात्र पक्कं आठवतं. "आता ही परत जाणार का?" तुझ्यासमोर विचारायचे! तुला मराठी कळत नाही असंच सगळ्यांना वाटायचं. तू माजघरातून उत्तर द्यायचीस, "खंय जाव? थंय आता माझ्या भाषेत पाणी मागूक कोण नाय." लढाईनंतर तुझं नदीकाठचं गाव दुसऱ्याच देशात गेलं होतं आणि तुझी माणसं घरंदारं सोडून पांगली होती. हे मला मोठेपणी कळलं. लहानपणी मला वाटायचं, तिकडे पाणी नसेल.

आणि काय तुझी ती मालवणी! आजीच्या चुलीपुढे शिकलेली, त्यामुळे अस्सल. निळ्या डोळ्यांची, गुलबट गालांची बाई मासळीवालीच्या टोपलीपुढे उकिडवी बसून "बांगडो ताजो नाय गो" म्हणाली, की मासळीवालीच्या हातून कोयता पडायचा. एकच गोष्ट तुला शेवटपर्यंत जमली नाही. माझं नाव. सुलू म्हणायला गेलीस की तोंडातून झुलू यायचं. आख्ख्या आळीने मला झुलू करून टाकलं, आणि मी किती चिडायचे तुझ्यावर!

मग मी मॅट्रिकला इंग्रजीत गचकले.

गचकणारच होते. इंग्रजी आमच्या वेळी आठवीपासून. मास्तर शब्दांचे अर्थ पाठ करून घ्यायचे. ऑलदो म्हणजे जरी, स्टिल म्हणजे तरी. जरीही पाठ होतं आणि तरीही पाठ होतं, पण ते वाक्यात कुठे बसवायचं, ते काही कळत नव्हतं. इंग्रजी नाही तर ऑफिसात नोकरी नाही. आत्याने घाटकोपरचं एक स्थळ आणलं. मुलाच्या वडिलांचं चुन्याचं दुकान होतं. बाबा म्हणाले, "बघू या." बाबांचं 'बघू या' म्हणजे निम्मं 'हो' असतं.

तू कोलंबी सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ह्या चेडू माका द्या. मी शिकवतंय."

"वहिनी, तुम्हाला इंग्रजी येतं?" बाबांनी विचारलं.

"शाळेत शिकलंय."

येत होतंच. पण तू ते शिकली होतीस जर्मनमधून, आणि तुझं सगळं व्याकरण डोक्यात जर्मन कप्प्यात ठेवलेलं. मालवणीत तुला हळद, तवा, पाटावरवंटा, शिव्या, सगळं यायचं. पण कर्तरी आणि कर्मणी प्रयोग आजीने तुला चुलीपुढे कसे शिकवावेत? तेव्हा तू ठरवलंस, आधी झुलूला जर्मन, मग जर्मनमधून इंग्रजी. बाबांनी कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, इथून भांडुपला जायचं तर कुणी ठाण्यावरून जातं का?"

"वाट बरी आसा म्हणान," तू म्हणालीस. पुढची कोलंबी उचललीस.

मला पहिले काही दिवस नुसता संताप यायचा. एक परकी भाषा डोक्यात शिरेना, म्हणून दुसरी? पण मग गंमत सुरू झाली. मिल्क म्हणजे मिल्श, वॉटर म्हणजे वासर, हाऊस तर हाऊसच! ही तर एकाच घरची भावंडं निघाली. एक विलायतेला जाऊन साहेब झालं आणि दुसरं गावात राहिलं, एवढाच फरक. नाइट, एट, डॉटर यांच्या पोटात जी आणि एच ही मुकी अक्षरं का घालतात, याचं उत्तर मास्तरांनी छडीने दिलं होतं. तू म्हणालीस, आमच्याकडे नाख्ट, आख्ट, टोख्टर. आमी ख बोलतो. इंग्रजान तोंडातसून काढल्यान आणि कागदावर विसारलो. त्या दिवसापासून डॉटरचं स्पेलिंग मी जन्मात चुकले नाही.

आणि चमचा तो, काटा ती, सुरी ते! जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत हे ऐकून शाळेतल्या इतर कुणाला घाम फुटला असता. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. तो, ती, ते. आपल्याकडेही तीनच की! तू मात्र सांगितलंस, की तुला मालवणीत पहिल्यांदा घरच्यासारखं कधी वाटलं. आजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली होती, "ह्या चेडू कसा रडता बघ." आणि तुमच्या भाषेतही मुलगी 'ती' नसते, 'ते' असते! दास मेडशन. त्या दिवशी आजीला कळलंच नाही, की सून एकाएकी हसून तिच्या गळ्यात का पडली.

तुझी शिकवायची रीत मात्र एकच. मागच्या पडवीत दुपारी मासळी साफ करायला किंवा तांदूळ निवडायला बसायचं. तू एक इंग्रजी वाक्य द्यायचीस. मी त्याचं जर्मन करायचं. मग मध्ये चार-पाच कोलंब्या सोलायच्या, बोलायचं नाही, मूळ वाक्य डोक्यातून जाऊ द्यायचं. आणि मग तू म्हणायचीस, "आता वाक्य घराक हाड." घराक हाडायचं म्हणजे घरी आणायचं. त्या जर्मनवरून पुन्हा इंग्रजी करायचं. जे गेलं होतं तेच परत आलं, तर तू ओल्या बोटाने माझ्या तळव्यावर बरोबरची खूण करायचीस. दुसरंच काही आलं, तर खूण नाही. "अर्थ वाटेत सांडलंस," म्हणायचीस. "परत जा. सोधून घेवन ये."

माझा तळवा किती वेळा कोलंबीच्या वासाने भरलाय, काकू! हात धुवावासा वाटायचा नाही.

आणि आपली वाक्यं तरी कसली! दूध उतू जातंय कारण कुणाचं लक्ष नाही. मांजर आत आलं, जरी दार लावलेलं होतं. पाहुणे आले असते तर आपण अजून एक नारळ फोडला असता. तुझ्या जर्मनमध्ये 'कारण' आलं की क्रियापद शेवटी जायचं, थेट आपल्यासारखं. तू म्हणायचीस, इंग्रज घायकुतो, क्रियापद आधीच सांगून मोकळो होता, आमी माणसाक शेवटपर्यंत बसवून ठेवतो. 'आमी' म्हणताना तू एक बोट स्वतःच्या छातीवर ठेवायचीस आणि दुसरं माझ्या नाकावर.

दुसऱ्यांदा बसण्याआधी शाळेत दिलेल्या चाचणीच्या पेपरात मी काय प्रताप केला, आठवतं? प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर कॅपिटल! गायही कॅपिटल, शेणही कॅपिटल. तुमच्याकडे तसं लिहितात म्हणून माझ्या हाताला तेच वळण. मास्तरांनी लाल शाईत विचारलं, की या गावात सगळेच राजे राहतात का? मी रडत घरी आले. तू पेपर पाहिलास आणि पोट धरून हसलीस. मग मला न सांगता शाळेत गेलीस आणि मास्तरांना मालवणीत समजावून आलीस. मास्तर कऱ्हाडचे. त्यांना काय कळलं असेल देव जाणे, पण त्यानंतर ते माझ्याशी जरा जपून बोलायचे.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. चांगली पास झाले! चुन्याच्या दुकानाचं स्थळ बारगळलं आणि मी टायपिंग शिकून भांडुपच्या कारखान्यात ऑफिसात लागले. आत्या म्हणाली, "नशीब बाई एकेकीचं." तू चुलीपुढे बसलीस. आंबोळ्या केल्यास. गोल नाही जमायच्या तुला कधी.

पास झाल्यावरही आपण जर्मन सोडलं नाही. आता इंग्रजीची गरज कुणाला होती? संध्याकाळी मी कामावरून आले, की तू पडवीत बसलेली असायचीस आणि आपण उगीचच बोलायचो. आज काय खाल्लं, कोण भेटलं, कुणाचं नाक कसं. एक विचारू? मला इंग्रजी शिकवायला जर्मनची खरंच गरज होती, की तुला कुणीतरी बोलायला हवं होतं? दोन्ही असेल. असलं तर असू दे! मला दोन्हीतला फायदाच झाला.

मग तो झटका आला. उजवी बाजू गेली आणि सोबत तुझी मालवणी गेली, मराठी गेली, इंग्रजीही गेलं. उरलं एक जर्मन. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, माणूस पहिल्या भाषेकडे परत जातं. आजी तुझ्या उशाशी बसून म्हणायची, "गिरिजा गो, पेज खातंस?" आणि तू तिच्याकडे नुसती बघायचीस. वीस वर्षं जिच्याशी भांडलीस, जिच्याकडून बोलायला शिकलीस, तिचा एक शब्द तुला कळत नव्हता. आजीला एवढं हतबल मी काका गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

तेव्हा मध्ये मी बसले. तुझं जर्मन आजीकडे न्यायचं, आजीची मालवणी तुझ्याकडे आणायची. पेज हवी, उशी उंच करा, खिडकी उघडा. आजी म्हणायची, "सांग तिका, मी हंय आसय." मी सांगायचे. तू डोळे मिटायचीस. ते दिवस वाईट होते, पण मला एक सांगावंसं वाटतं, माझ्या हातून त्या दिवसांत जे काम झालं त्याहून चांगलं काम माझ्या हातून व्हायचं नाही.

आणि मग तो प्रश्न आला, जो कुणालाच विचारायचा नव्हता. बाबा अंगणात आत्याशी हळू आवाजात बोलत होते. तू जन्माची क्रिस्तांव. नाताळला न चुकता एक मेणबत्ती लावायचीस, आणि गणपतीत नैवेद्याचे मोदकही तूच वळायचीस. तुझं पुढे काय करायचं? आत्या म्हणत होती, "तिच्या धर्माप्रमाणे मातीत ठेवायला हवी. आपण कोण ठरवणार?" बाबांचंही तेच मत होत चाललं होतं. वाईट बुद्धी कुणाचीच नव्हती. तेवढ्यात आजी आतून ओरडली, "अरे, तुमी कित्याक ठरवतास? जिता आसा ती अजून! झुलू, विचार गो तिका, तिच्या मनात काय आसा ता."

असं वाक्य आपण कधी केलं नव्हतं, काकू. आपण दुधाची वाक्यं केली, मांजराची केली. मरणाचं एकही नाही. मी कसंबसं विचारलं. तू मान माझ्याकडे वळवलीस. मग हळूहळू बोललीस. मी आजीला सांगितलं, "ती म्हणता, माका जाळा. तेका जंय सोडल्यात, थंयच माका सोडा. मातयेत एकटी ठेवू नकात." काकांना गावच्या खाडीत सोडलं होतं. आजीने पदर तोंडात कोंबला.

आणि तू, एवढ्यातही, माझ्याकडे बघून म्हणालीस, "त्सुरुक." परत. घराक हाड! मग मी आजीला तेच मालवणीत पुन्हा म्हणायला लावलं आणि त्याचं परत जर्मन करून तुला सांगितलं. तुझा डावा हात हलत होता तेवढा. त्या बोटाने माझ्या तळव्यावर खूण केलीस. बोट या वेळी कोरडं होतं.

दोन दिवसांनी तू गेलीस. बाबांनी अग्नी दिला, अस्थी घेऊन गावी गेले आणि काकांना सोडलं तिथेच खाडीत तुला सोडून आले. आजी म्हणाली, आता दोघा एका पाण्यात.

तेराव्याला आत्या स्वयंपाकघरात म्हणाली. मला ऐकवायला म्हणून नव्हे, पण मी ऐकलं. "पोरीच्या सांगण्यावर एवढा मोठा निर्णय घेतला दादाने. काय ते जर्मन बोलायच्या दोघी! दुसऱ्या कुणाला कळलंय कधी? लहान पोरं च-ची भाषा बोलतात, तसलंच ते. तिला काय हवं होतं आणि हिने काय सांगितलं, देवाला ठाऊक."

काकू, तेव्हापासून मी सुखाने जेवले नाही. तुझी खूण होती ना तळव्यावर? होती. पण मी रात्रंदिवस विचार करून पाहिला. जाताना वाक्य मीच नेलं, येताना मीच आणलं. जाताना एका जागी चुकले असेन, तर येतानाही त्याच जागी चुकले असेन, आणि तुला ते बरोबरच वाटलं असेल. मधली मालवणी तपासायला तुझ्याकडे मालवणी उरली कुठे होती? आणि मला तर तू आमच्यातच राहायला हवी होतीस. तुझ्या तोंडून मला हवं तेच मी ऐकलं असेन तर? माझं जर्मन जगात एकाच माणसाला कळलं होतं आणि ते माणूस गेलं. रागच यायचा मला तुझा! इतकी वर्षं शिकवलंस, एकदा तरी कुणा तिसऱ्याशी बोलायला लावायचं होतंस मला!

तर आज तो तिसरा भेटला.

कारखान्यात जर्मनीहून मशीन आलंय. ते बसवायला तिकडचाच एक फिटर आलाय. उंच, टक्कल पडलेला, इंग्रजी यथातथाच. सकाळपासून त्याचा आणि आमच्या फोरमनचा आरडाओरडा ऑफिसात ऐकू येत होता. शेवटी फोरमन दारात आला. "अगं बाई, तुला जर्मन येतं म्हणे? चल ना लवकर. हा गोरा सकाळपासून बोंबलतोय, एक शब्द कळेल तर शप्पथ! मशीन चालू करायचंय आज, नाहीतर माझी वाट लागेल."

ऑफिसात लागताना जर्मन येतं असं मी म्हटलं होतं खरं, पण ते तुझ्या जिवावर. मशीनपाशी गेले. सगळे बघतायत. आणि तोंडातून पहिलं वाक्य काय निघावं? "कृपया हळू बोला, कारण मी जर्मन स्वयंपाकघरात शिकले."

तो थांबला. मग हळू बोलू लागला, आणि काकू, मला कळलं! सगळं कळलं! मशीनखालचं सिमेंट अजून ओलं आहे, ते पुरतं वाळण्याआधी मशीन चालवलं तर ते हलेल आणि तडकेल, एवढंच तो सकाळपासून सांगत होता. मी फोरमनला सांगितलं. फोरमन म्हणाला, "मग असं बोल ना यार! परवा चालू करू, साहेबाला मी सांगतो." आणि मी काय केलं असेल? सवयीने फोरमनला जे सांगितलं तेच जर्मनमध्ये परत नेलं, आणि फिटरला म्हटलं, तुम्ही जे म्हणालात ते असं पोचलंय, बरोबर आहे का बघा. तो मोठ्याने हसला. विचारलं, हे असं कुणी शिकवलं?

"माझ्या काकूने," मी म्हटलं.

"कुठली ती?"

मी तुझ्या नदीचं नाव सांगितलं. त्याचं हसू गेलं. म्हणाला, म्हणूनच. तुमचं बोलणं ऐकल्यापासून मी विचार करतोय. माझी आई त्याच काठची. ती असेच शब्द ओढायची. आता तिथे असं बोलणारं कुणी उरलं नाही. आणि मी ते ऐकलं कुठे? तर इथे!

मी हे ऐकत उभी होते, काकू, आणि मला तुझं पाणी आठवलं. तुझ्या भाषेत पाणी मागायला तिथे कुणी नाही म्हणायचीस ना? मी त्याला ऑफिसातल्या माठातलं पाणी आणून दिलं. त्याने मागितलं नव्हतं. उगीच.

जेवणाच्या सुट्टीत मी धीर केला. त्याला काही सांगितलं नाही, मालवणी नाही, मराठी नाही, माझा अर्थ नाही. तू म्हणालीस ते जर्मन शब्द मात्र जसेच्या तसे म्हटले. वर्षभर रोज म्हटलेत ते, विसरणार कशी? आणि म्हणाले, याचं मला इंग्रजी करून सांगा. तुम्हाला येईल तसं.

त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. शब्द शोधत शोधत म्हणाला, "फायर. नॉट अर्थ. नॉट अलोन इन द अर्थ. व्हेअर ही इज, देअर पुट मी." आग हवी, मातीत एकटी नको, तो जिथे आहे तिथेच मला सोडा.

घरी आलं! वाक्य घरी आलं, काकू! दुसऱ्याच्या तोंडून आलं, तू शिकवलेल्या इंग्रजीत आलं, वाटेत काहीही सांडलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. तिथेच, खोक्यांवर बसून, मी त्या परक्या माणसासमोर ढसाढसा रडले. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपलं इंग्रजी फारच वाईट आहे.

आणि मग मी चालत निघाले. वाटेत दोन वेळा मला स्वतःशीच मोठ्याने जर्मन बोलताना लोकांनी पाहिलं. पाहू देत.

आजीला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हातातलं सुपारीचं खांड तसंच. मी म्हटलं, "आजी, मी बरोबर सांगितलं होतं. तिला तेच हवं होतं." आजी म्हणाली, "माका ठावक होता. तुकाच ठावक नव्हता." मला रागच आला. मग वर्षभर मला का नाही सांगितलंस? तर म्हणते, "तू इचारलंस खंय?"

आत्या पुढच्या महिन्यात वर्षश्राद्धाला येईल. येऊ दे! आता मी तिला वाढेन, पान लावीन, आणि फिटरची गोष्ट सांगेन. भांडणार नाही. ती तरी काय करेल, तिलाही तुझीच काळजी होती.

काकू, एक वचन देते. तू गेल्यापासून मी घरात जर्मनचा शब्द काढला नव्हता, भीतीने. आता रोज संध्याकाळी पडवीत आजीजवळ बसून तुझं एक तरी वाक्य मोठ्याने म्हणेन. दुधाचं, मांजराचं, कुठलंही. आणि ते तिला मालवणीत सांगेन. तुझ्या नदीकाठी ते बोलणं उरलं नसेल, तर नसू दे. मुलुंडला राहील.

आजच सुरुवात केली. आजीच म्हणाली, "बोल गो तिची भाषा जरा, बरेच दिवस ऐकूक नाय." मी म्हटलं, दूध उतू जातंय कारण कुणाचं लक्ष नाही. तेवढ्यात आतून आईची धावपळ ऐकू आली, कारण दूध खरंच उतू जात होतं. आजी हसली. मग माझा हात ओढून मांडीवर घेतला, सुपारीचं खांड बाजूला ठेवलं आणि गंभीरपणे म्हणाली, "त्सुरुक."

मी वाक्य घरी आणलं. तिने बोट जिभेला लावून ओलं केलं आणि माझ्या तळव्यावर बरोबरची खूण केली.

तुझी,
झुलू